बोरमाळेचे मणी आणि मूत्रपिंडाची गाळणी

सांगलीहून मामीचा फोन आला. मामांचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ठरावीक दिवसांनी तपासण्या चालू आहेत. तिला कुणीतरी मोबाईलवर एक मजकूर पाठवला होता. सोन्याचे सूक्ष्म कण टोचतात, तासाभरात लघवी निळी होते, निळी झाली तर कर्करोग आहे, अशा तीन ओळी आणि खाली जोडलेले हात. "अरे, ही तपासणी आपल्याकडे कुठे होते रे? त्या दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिऊन ह्यांचे जे हाल होतात, ते बघवत नाहीत. सोनं लागत असेल तर माझी बोरमाळ आहे."

शेवटचं वाक्य ऐकल्यावर मला लगेच बोलता आलं नाही. त्या तीन ओळींमागे खरं संशोधन आहे, हे मला माहीत होतं. २०१९ साली 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मॉली स्टीव्हन्स (आता त्या ऑक्सफर्डला आहेत) आणि अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संगीता भाटिया, या दोघींच्या गटांनी मिळून केलेलं काम. पण मूळ शोधनिबंध आणि मोबाईलवरच्या तीन ओळी यांच्यामध्ये बरंच काही गळून गेलं होतं. कुणाची लघवी, कशी निळी, कधी निळी, यातलं काहीच त्या मजकुरात नव्हतं. फोनवर मामीला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. नीट सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे. तिची बोरमाळ मात्र या लेखात शेवटपर्यंत कामाला येणार आहे.

नॅनोक्लस्टर म्हणजे नक्की काय?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे वाक्य शाळेत पाठ होतं, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून असं बघा. एक नॅनोमीटरची वस्तू फुगवून मोहरीएवढी केली आणि त्याच प्रमाणात आपल्या डोक्यावरचा केस फुगवला, तर त्या केसाची जाडी क्रिकेटच्या मैदानाएवढी होईल. मैदानाच्या मधोमध पडलेली एक मोहरी, म्हणजे आपला नॅनोक्लस्टर.

इतक्या लहान जागेत अणू मावतात तरी किती? सोन्याच्या बाबतीत काही डझन, फार तर शंभर-दोनशे. धातूचे असे मोजके अणू एकत्र येऊन जो पुंजका होतो, त्याला नॅनोक्लस्टर म्हणतात. मी यापुढे नुसतं पुंजका म्हणेन. अभ्यासकांचा सर्वांत लाडका पुंजका २५ अणूंचा आहे. एका ग्रॅम सोन्यातून असे किती पुंजके निघतील, याचा हिशेब मी करून पाहिला. आपल्या जुन्या मोजणीत परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. एका ग्रॅममधून साधारण १२०० परार्ध पुंजके निघतात. म्हणजे मामीची बोरमाळ तिच्या गळ्यातच राहू दे. सोन्याचा भाव ही या कामातली अडचण नव्हेच.

लहान झालं की सोन्याचा स्वभाव बदलतो

अंगठी फोडून तिचा चुरा केला तरी तो सोन्याच्याच रंगाचा असतो. चुरा आणखी बारीक, आणखी बारीक करत गेलं की एका टप्प्यावर मात्र पिवळेपणा जातो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने १८५० च्या दशकात पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार केले, तेव्हा ते पाणी माणकासारखं लाल दिसलं. १८५७ मध्ये त्याने त्यावर व्याख्यान दिलं. त्याने बनवलेले काही नमुने तिथे अजून जपून ठेवले आहेत.

हे लाल-गुलाबी सोनं तुम्हीही पाहिलं आहे. कोविडच्या काळात नाकातली काडी फिरवून द्रवाचे थेंब पट्टीवर टाकले आणि श्वास रोखून दुसरी रेघ उमटते का बघत बसलो, ती गुलाबीसर रेघ बऱ्याच किटमध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांची असते. गरोदरपणाच्या चाचणीतही तेच. सोन्याने आपल्या घरात एवढी चिंता आणि एवढा आनंद आणला, आणि त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

आकार बदलला तरी गुण बदलतात. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने लेमनग्रास म्हणजे आपल्या गवती चहाच्या कुळातल्या पातीचा अर्क वापरून सोन्याचे पातळ त्रिकोणी पापुद्रे तयार केले होते. पाषाण रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत, घरच्या चहाच्या पातेल्यात पडणाऱ्या पातीने सोनं घडवलं, हे मला तेव्हाही फार आवडलं होतं. पण ते त्रिकोण आणि किटमधले गुलाबी कण, दोन्ही आपल्या पुंजक्यांपेक्षा पुष्कळ मोठे. त्यांच्यात अणू हजारोंनी, लाखांनी असतात.

दोन नॅनोमीटरच्या खाली गेलं की आणखी एक उंबरठा लागतो. इथे गाण्याचं उदाहरण चांगलं लागू पडतं. सारंगीवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, मधली प्रत्येक जागा घेता येते. पेटीवर ते जमत नाही. पट्टी दाबली तेवढाच सूर, दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. मोठ्या सोन्यातले इलेक्ट्रॉन सारंगीसारखे असतात, त्यांना ऊर्जेची जवळजवळ कुठलीही पातळी चालते. २५ अणूंच्या पुंजक्यात त्यांची पेटी होते. ठरलेल्या पट्ट्यांवरच बसायचं. त्यामुळे गुलाबी रंग जातो आणि नवंच काही दिसू लागतं. पुंजक्यावर प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्टीवर उडी मारतो आणि खाली येताना स्वतःचा प्रकाश सोडतो. २००९ साली सिंगापूरमध्ये जॅकी यिंग यांच्या गटाने गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कुशीत सोन्याचे असे पुंजके वाढवले. अतिनील दिव्याखाली ते लाल चमकतात.

म्हणजे हे ना पूर्ण धातू, ना पूर्ण रेणू. मधल्या घरातलं काहीतरी. या विषयाची सगळी गोडी या मधल्या घरात आहे.

अणू मोजून कसे बसवतात?

चिमट्याने नाही. सोन्याच्या क्षारात असे रेणू मिसळतात ज्यांच्या टोकाला गंधक असतं, आणि मग क्षारातलं सोनं धातुरूपात आणतात. सोनं आणि गंधक यांची मैत्री घट्ट. सोन्याचे अणू एकमेकांना चिकटत मोठे व्हायला बघतात, आणि गंधकवाले रेणू बाहेरून वेढा घालून ती वाढ थांबवतात. आवळ्याच्या फोडी पिठीसाखरेत घोळवल्या की बरणीत सुट्या राहतात, गोळा होत नाही, तसं. पुढे परिस्थिती अशी जुळवून आणतात की जे पुंजके सर्वांत स्थिर, तेच शिल्लक राहावेत. २५ सोन्याचे अणू आणि त्यांच्याभोवती १८ गंधकवाले रेणू, ही अशीच एक स्थिर वीण आहे.

२००७ साली स्टॅनफर्डमधल्या रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ अणूंच्या पुंजक्यातला प्रत्येक अणू कुठे बसला आहे, हे क्ष-किरणांनी दाखवलं. तोवर या कणांबद्दल बोलताना 'साधारण एवढे अणू' असं म्हणावं लागायचं. आता त्यांची नेमकी संख्या सांगता येते. औषधाच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. गोळीच्या पाकिटावर 'साधारण पॅरासिटामॉल' लिहिलेलं कुणी चालवून घेणार नाही. भारतात या क्षेत्रात आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांचं काम मोठं आहे. पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक आणि कीटकनाशकं काढण्याच्या नॅनो-तंत्रासाठी त्यांना लोक ओळखतात, पण चांदी-सोन्याचे मोजून बांधलेले पुंजके हाही त्यांचा अनेक वर्षांचा विषय आहे.

वेढा घालणारा गंधकवाला रेणू कोणता घ्यायचा, हे आपल्या हातात असतं. शरीरात न्यायचं असेल तर ग्लुटाथायोन ही चांगली निवड. तीन अमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू आपल्या प्रत्येक पेशीत आधीपासून आहे. परक्या गावात जाताना ओळखीच्या माणसाचे कपडे घालून जावं, तसं सोनं ग्लुटाथायोन पांघरून रक्तात उतरतं.

शरीरातली सर्वांत बारीक गाळणी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या मते त्या शोधनिबंधातली खरी चतुराई इथे आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात जवळपास दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. गाळणीतून पाणी, मीठ, साखर, युरिया जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. लघवीत अल्ब्युमिन दिसलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते, ती गाळणीला भोक पडल्याच्या शंकेनेच.

या गाळणीची जाळी नेमकी किती बारीक? २००७ मध्ये हार्वर्डचे जॉन फ्रॅन्जिओनी आणि एमआयटीचे मौंगी बावेंडी (ज्यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं) यांनी वेगवेगळ्या मापाचे चमकणारे कण प्राण्यांच्या रक्तात सोडून ते तपासलं. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीवाटे झटपट बाहेर पडले. त्याहून मोठे आत अडकले. ही रेघ लक्षात ठेवा. साडेपाचच्या अलीकडे बाहेर, पलीकडे आत.

सोन्याचा पुंजका दोन नॅनोमीटरच्या आतबाहेर. तो सहज सुटतो.

बोरमाळ, धागा आणि कात्री

आता मामीची बोरमाळ हातात घेऊ. अख्खी माळ मोरीत पडली तर जाळीवर अडकून राहते. धागा तुटला तर मणी एकेक करून जाळीतून खाली जातात. स्टीव्हन्स आणि भाटिया यांच्या गटांनी नेमकं हेच रचलं.

मणी म्हणजे सोन्याचे पुंजके. ते ओवायला मध्ये एक मोठं प्रथिन घेतलं, अंड्याच्या पांढऱ्या बलकात सापडणाऱ्या ॲव्हिडिनचं सुधारलेलं रूप. या प्रथिनाला चार खाचा असतात आणि त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व इतकं घट्ट बसतं की निसर्गातल्या सर्वांत पक्क्या जोड्यांमध्ये या जोडीची गणना होते. बायोटिनचं नाव केस गळण्यावरच्या गोळ्यांच्या डबीवर वाचलं असेल, तेच हे. पुंजक्याला एक लहान धागा, धाग्याच्या टोकाला बायोटिन, आणि बायोटिन प्रथिनाच्या खाचेत. झाली माळ. ही अख्खी माळ साडेपाच नॅनोमीटरच्या रेघेपेक्षा बरीच मोठी, त्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीत ती जाऊच शकत नाही. रक्तातून फिरत राहते.

आता धागा. तो काही अमिनो आम्लांचा तुकडा आहे आणि त्याचा क्रम मुद्दाम निवडलेला आहे. कर्करोगाच्या गाठीला वाढायचं, पसरायचं असेल तर आजूबाजूच्या पेशींमधलं कुंपण तोडावं लागतं. त्यासाठी ती काही एन्झाइम जास्त प्रमाणात सोडते. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं जलद करणारी प्रथिनं, पाठ्यपुस्तकातली विकरं. त्यातलं एमएमपी-९ नावाचं एन्झाइम म्हणजे अक्षरशः कात्री. माळेचा धागा असा निवडला की ही कात्री त्याला बरोबर कापेल.

माळ रक्तातून फिरत गाठीपाशी पोचते. तिथे कात्र्या भरपूर. धागे कापले जातात, मणी सुटतात, रक्तातून मूत्रपिंडात येतात आणि गाळणीतून लघवीत उतरतात. गाठ नसेल तर माळ बहुतेक अखंड राहते आणि लघवीत सोनं नगण्य येतं.

रोगाचा पुरावा शोधत रक्तात हिंडण्याऐवजी रोगाकडूनच पुरावा तयार करून घ्यायचा, ही कल्पना भाटियांच्या गटाची जुनी आहे. २०१३ मध्ये त्यांनी असे सुटलेले तुकडे महागड्या यंत्रावर मोजून दाखवले होते, आणि २०१४ मध्ये कागदी पट्टीवर. सोन्याच्या पुंजक्यांनी त्यापुढची पायरी गाठली. यंत्रही नको, पट्टीही नको, रंग डोळ्यांना दिसेल.

निळा रंग येतो कुठून?

मोबाईलवरच्या मजकुरातली सगळ्यात मोठी चूक इथे होती. लघवी निळी होत नाही. टोचल्यानंतर जमा केलेल्या लघवीत बाहेरून दोन रसायनं घालतात. एक हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुताना फेस येतो ते. दुसरं टीएमबी नावाचं रंगहीन द्रव्य. दोघं नुसती एकत्र ठेवली तर फारसं काही घडत नाही. मध्ये कुणीतरी घडवून आणणारा लागतो.

लग्न जुळवणारे गृहस्थ आठवा. दोन घरांची गाठ घालून देतात, स्वतः जसेच्या तसे राहतात आणि पुढच्या स्थळाकडे वळतात. रसायनशास्त्रात अशाला उत्प्रेरक म्हणतात. सोन्याचा पुंजका हे काम करतो. एकच पुंजका टीएमबीचे पुष्कळ रेणू एकामागून एक निळे करत जातो. त्यामुळे लघवीत पुंजके अगदी थोडे असले तरी रंग ठळक दिसू शकतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये एलायझा नावाची चाचणी होते, तिथेही हाच टीएमबी निळा होतो, फक्त तिथे हे काम एका झाडाच्या मुळातून काढलेलं एन्झाइम करतं. तसलं नाजूक एन्झाइम शरीरातून फिरवून सुखरूप बाहेर काढणं कठीण. सोनं त्या प्रवासात टिकतं.

निकाल काय आला? मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या लघवीत रंगाची तीव्रता निरोगी उंदरांच्या १३ पट होती. आणि रंग वाचायला तासापेक्षा कमी वेळ लागला.

होय, उंदीर. मजकुरातून गळलेला सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच.

हे आपलं सुवर्णभस्मच ना?

हा प्रश्न विचारणारे मला दर वेळी भेटतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोनं औषध म्हणून घ्यायची आपली परंपरा जुनी आहे, बाळाला सोनं उगाळून चाटवणारी घरंही अजून आहेत. सुवर्णभस्माच्या नमुन्यांत सोन्याचे सूक्ष्म कण असल्याचं आधुनिक सूक्ष्मदर्शकांनीही दाखवलं आहे.

पण आकाराकडे बघा. त्या अभ्यासांत कण काही डझन नॅनोमीटरचे आढळतात, म्हणजे मूत्रपिंडाच्या रेघेच्या कितीतरी पलीकडे. त्यांत सगळे कण सारखे नसतात. त्यांच्यावर मोजून चढवलेला ग्लुटाथायोनचा वेढा नाही, ठरावीक कात्रीने कापला जाणारा धागा नाही. भस्म तोंडावाटे घेतात, माळ शिरेतून जाते. दोन्हींत सोनं आहे, हे खरं. बोरमाळेत आणि दाताच्या टोपीतही सोनं असतं. भस्माचे गुण-दोष भस्मावरच्या अभ्यासातून ठरायला हवेत. पुंजक्यांवरच्या शोधाचं प्रमाणपत्र त्याला लावून कुणी विकत असेल, तर तो रुग्णावर अन्याय आहे.

सोनं अंगात राहून गेलं तर?

भीती रास्त आहे. मोठे कण यकृत आणि प्लीहा यांतल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात आणि तिथे ते महिनोन्‌महिने राहू शकतात. न्यूयॉर्कमध्ये १६ पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर सोन्याचं कवच असलेल्या, सुमारे १५० नॅनोमीटरच्या कणांनी उष्णतेचा उपचार करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्येच आले. ते कण मूत्रपिंडातून जाण्याइतके लहान नाहीत. पण तिथे रोग समोर होता, त्यावर उपचार करायचा होता, म्हणून ही जोखीम घेण्याला अर्थ होता.

सोनं सर्वार्थाने निरुपद्रवी असतं, हाही गैरसमज. सांधेदुखीच्या एका गंभीर प्रकारावर, आमवातावर, विसाव्या शतकात सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत. पुढे ऑरॅनोफिन नावाची गोळी आली, अमेरिकेत तिला १९८५ मध्ये परवानगी मिळाली. या औषधांनी अनेकांना आराम पडला, आणि अनेकांना अंगावर पुरळ उठलं, काहींच्या लघवीत प्रथिनं जाऊ लागली. धातूचं सोनं वेगळं, क्षारातलं सोनं वेगळं, पुंजका आणखी वेगळा. प्रत्येकाची तपासणी वेगळी करावी लागते.

उंदरांवरच्या त्या प्रयोगात लघवी आणि पित्त या दोन वाटांनी सगळं सोनं चार आठवड्यांत बाहेर पडलं आणि विषारी परिणामाचं चिन्ह दिसलं नाही. हे आश्वासक आहे. चार आठवड्यांची उंदराची गोष्ट आणि दर वर्षी तपासणी करून घेणाऱ्या माणसाची वीस वर्षांची गोष्ट मात्र एक नाही. शिवाय चाचणी निरोगी माणसांनाही टोचायची असते. शंभरांतल्या नव्याण्णवांना रोग नसणार. ज्याला काही झालेलं नाही त्याला इंजेक्शन देताना सुरक्षिततेची अट उपचारापेक्षा कितीतरी कडक असायला हवी, आणि असते.

उंदरात जमलं, मग माणसात अडतं कुठे?

एक म्हणजे कात्री फक्त कर्करोगाकडेच नसते. एमएमपी-९ जखम भरताना वाढतं, जंतुसंसर्गात वाढतं, आतड्याला सूज असेल तर वाढतं. प्रयोगशाळेतल्या उंदराला एकच रोग असतो, तोही आपण दिलेला. साठीच्या माणसाला गुडघेदुखी असते, दातात पू असतो, नुकताच ताप येऊन गेलेला असतो. धागा गाठीपाशी कापला की हिरडीपाशी, हे लघवीतला मणी सांगू शकत नाही. यावर उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक प्रकारचे धागे वापरायचे आणि कुठले कुठले कापले गेले त्यावरून रोग ओळखायचा. पण मग नुसता निळा रंग पुरणार नाही.

दुसरी अडचण लघवीतच आहे. लघवीत रक्त आहे का हे बघायला जी साधी पट्टी वापरतात, ती पेरॉक्साइड आणि टीएमबी याच जोडीवर चालते. रक्तातलं हिमोग्लोबिनही थोडंफार तेच लग्न जुळवायचं काम करतं. म्हणजे मूतखडा असलेल्या माणसाच्या लघवीत सोन्याचा एकही मणी नसताना निळं दिसू शकेल. उलट 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेतल्या असतील तर ते रंग दाबतं, पट्टीच्या चाचणीतला हा नेहमीचा घोळ लॅबवाल्यांना माहीत आहे. माणसांसाठीच्या चाचणीला या दोन्हींतून वाट काढावी लागेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते, कारण ती आपल्या घराघरातली आहे. सगळी चाचणी गाळणी धड असण्यावर उभी आहे. मधुमेह आणि रक्तदाबाने ती गाळणीच बिघडते. सुरुवातीला तिला भोकं पडतात, मोठी प्रथिनंही गळू लागतात. नंतर एकेक गाळणी बंद होत जाते. पहिल्या अवस्थेत जे जायला नको ते जाईल का, दुसरीत सुटलेले मणी उशिरा किंवा कमी बाहेर येतील का, हे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये तपासावं लागेल. ज्या वयात आतड्याचा कर्करोग जास्त आढळतो, त्याच वयात आपल्याकडे मधुमेहही असतो. मामांना तो पंधरा वर्षं आहे.

मामीला दिलेलं उत्तर

ही तपासणी कुठल्याही दवाखान्यात होत नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर दारात उभं करू नकोस, हेही.

दुर्बिणीची तपासणी मामांनी चुकवायची नाही. एकदा ऑपरेशन झालेल्याला ती लागतेच. आतड्यात डोकावता येतं, संशयास्पद मांसांकुर दिसला तर तिथेच काढता येतो, आणि हे कुठलाही लघवीचा रंग करू शकणार नाही. आदल्या रात्रीच्या औषधाचं म्हणशील तर डॉक्टरांना विचार, ते दोन हप्त्यांत विभागून घेता येतं का. पुष्कळांना तसं दिलं की थोडं सोसतं. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी आज उपलब्ध आहे, ती फार महागही नाही. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की सरसकट मूळव्याध समजून महिने काढले जातात. मामांनीही काढले होते. म्हणून मामेभावाला, आता चाळिशी उलटलेल्याला, डॉक्टरांना भेटून त्याने तपासणी केव्हापासून सुरू करायची ते विचारायला सांगितलं आहे.

मणी तेच, धागा दुसरा

या कामाकडे मी आशेने बघतो ते एका आतड्याच्या कर्करोगापुरतं नाही. त्याच शोधनिबंधात दुसरा एक धागाही वापरून पाहिला होता, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या एन्झाइमने कापला जाणारा. मणी तेच, गाळणी तीच, फक्त धागा बदलला. यकृत घट्ट होत जाताना, फुप्फुसात संसर्ग असताना, शरीरात वेगवेगळ्या कात्र्या चालू असतात. प्रत्येकीचा धागा शोधून काढणं कष्टाचं आहे, पण ते शक्य आहे.

पुंजक्यांचे इतर उपयोगही तपासले जात आहेत. २०१७ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या जियानपिंग शिए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जे सोनं मोठ्या कणांच्या रूपात जंतूंना काही करत नाही, तेच पुंजक्याच्या मापात आणलं की जंतूंच्या आत शिरून त्यांना मारतं. किरणोपचाराच्या वेळी गाठीत सोनं असेल तर किरणांचा मारा तिथे अधिक परिणामकारक होतो, त्यावरही प्राण्यांमध्ये काम झालं आहे. या सगळ्यात प्रश्न पुन्हा तोच येतो. काम झाल्यावर हे सोनं बाहेर कसं पडणार? पुंजका लहान आहे म्हणून तो बाहेर पडतो, आणि लहान आहे म्हणूनच गाठीत थांबायला वेळही कमी मिळतो. किती काळ थांबवायचं आणि केव्हा सोडायचं, यावर सध्या अनेक प्रयोगशाळांत झटापट चालू आहे. कुणी वेढ्याचा रेणू बदलून बघतं, कुणी अणूंची संख्या, कुणी धाग्याची लांबी.

मामीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आधी माळ ओवायची आणि मग ती तुटायची वाट बघायची?" मी हो म्हणालो. बरोबर तेवढंच आहे.